तुम्ही कुठे ‘पुट अप’ करता?

नौपाड्याची निमा

मंडळी, विषय तसा फुटकळ आहे. पण परवापासून आमच्या घरात यावरून आधी इतकं हसणं आणि मग इतकी वादावादी झाली की म्हटलं, इथे टाकून मोकळं व्हावं.

माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत नुकताच लागलाय. परवा त्याचा लंडनच्या टीमबरोबर पहिला व्हिडिओ कॉल होता. समोरच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, कुठे राहतोस? हा छातीठोकपणे म्हणाला, ‘आय अ‍ॅम पुटिंग अप अ‍ॅट ठाणे.’ बाईंचा चेहरा उतरला. अरेरे, किती दिवस? हा म्हणाला, 24 वर्षं.

पुढची दोन मिनिटं दोन्हीकडे कुणालाच काही कळेना. मग उलगडा झाला. बाईंना वाटलं होतं, पोराच्या घरात पाणीबिणी शिरलंय आणि तो कुठल्यातरी लॉजवर नाहीतर मित्राकडे उतरलाय. त्यांच्या लेखी ‘पुट अप’ म्हणजे चार दिवस मुक्काम टाकणं, आणि तेही आता जरा जुन्या वळणाचं बोलणं. आपल्याकडे मात्र ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हे कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून विचारतात आणि लोक उत्तरात कायमचा पत्ता देतात, पिनकोडसकट.

घरी येऊन स्वारी माझ्यावरच उखडली. ‘मावशी, तूच शिकवलंस हे!’ खोटं नाही. मी 31 वर्षं बेलापूरला सरकारी नोकरी केली. माझ्या तोंडात हा शब्द चहाइतका बसलेला. सकाळी गेल्या गेल्या पहिलं वाक्य, ‘निमाताई, ती फाइल पुट अप करा.’ संध्याकाळी निघताना शेवटचं वाक्य, ‘निमाताई, उद्या सकाळी पुट अप झालीच पाहिजे.’ शाळेत शिकले होते ‘पुट अप विथ म्हणजे सहन करणे’. तेही त्याच कार्यालयात भरपूर केलं, पण ते वेगळं.

तर विचारायचं हे, की एवढ्याशा ‘पुट’ने आणि एवढ्याशा ‘अप’ने कामं तरी किती करावीत? शब्दकोश उघडला तर पान संपेना. तुमच्याकडचे अर्थ आणि फजिती दोन्ही टाका.

ऐरोली 8.12

हाहा, भाच्याला सांगा एकटा नाहीस. मीही मुलाखतीत हेच बोललो होतो. फरक इतकाच की समोरचा साहेब भांडुपचा होता, त्यामुळे नोकरी लागली.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), आमच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये 2004 पासून लोक उभ्या उभ्याच पुट अप करत आहेत. ठाणे ते वाशी पूर्ण मुक्काम.

टिपणीबहाद्दर

निमाताई, आपण एकाच पंथाचे. मीही आयुष्यभर फाइलीच पुट अप केल्या, त्यामुळे थोडं लांबण लावतो. घाई असलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

आपल्या कचेरीतला ‘अप’ शोभेचा नाही. तो खराखुरा ‘वर’ आहे. कागद बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत येतो, आवक क्रमांक पडतो, त्या विषयाच्या लिपिकाकडे जातो. तो टिपणी लिहितो. तिथून अव्वल कारकून, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार. प्रत्येक वेळी एक पायरी चढायची. म्हणून तर आपण म्हणतो ‘फाइल वर गेलीय’, ‘वरून खाली आली’, ‘वरच अडकलीय’. इंग्रज साहेबाने हा शब्द कचेरीत ठेवला आणि गेला. आपण तो जपला. आजच्या लंडनच्या बाईंना ‘पुट अप द फाइल’ म्हटलं तर त्या बहुधा फाइल कुठल्या कपाटावर चढवायची ते विचारतील.

आता गंमत बघा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा. कागदावरची मराठी तेव्हापासून चांगलीच रुळली. टिपणीच्या शेवटी आपण लिहितो ‘मान्यतेस्तव सादर’, ‘माहितीस्तव सादर’, ‘आदेशार्थ सादर’. साहेबही समासात ‘कृपया चर्चा करा’ लिहून फाइल परत पाठवतात. सगळं मराठीत. पण तोंडी? साहेब सातारचे, लिपिक मुरबाडचा, शिपाई शहापूरचा, आणि तिघांच्या तोंडी ‘पुट अप केली का?’

याचं कारण मी बरीच वर्षं शोधत होतो. माझं मत असं, की ‘सादर’ हा खालून वर जाणारा शब्द आहे. त्यात वाकणं आहे. लिपिक ते लिहू शकतो. साहेब कसा म्हणेल, ‘अरे, मला सादर कर’? नाटकात राजा म्हणेल एक वेळ. साहेबाला वरून खाली सोडायला हुकूम हवा होता आणि तो ‘पुट अप’मध्ये आयता मिळाला. एकच क्रिया, पण वरच्याच्या तोंडी इंग्रजी आणि खालच्याच्या लेखणीत मराठी.

अवांतर: केंद्र सरकारच्या कार्यालयांत ‘पीयूसी’ असाही एक प्रकार असतो, म्हणजे पेपर अंडर कन्सिडरेशन, ज्यावर विचार चाललाय तो कागद. आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर आलेल्या एका अधिकाऱ्यांनी नव्या मुलाला सांगितलं, ‘पीयूसी लावून फाइल पुट अप कर.’ पोरगं खाली जाऊन आपल्या स्कूटरचं प्रदूषणाचं प्रमाणपत्र घेऊन आलं. झेरॉक्ससकट.

ऐरोली 8.12

झेरॉक्ससकट!! दंडवत घ्या.

निवृत्त मास्तर

फळा नाही, पण खडू हातात घेतोच.

असल्या क्रियापदांचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच कबूल केलंय, की क्रियापदाला छोटासा शब्द चिकटवून अर्थ फिरवायची ही जी आमची खोड आहे, तिच्यामुळे परक्यांना सगळ्यात जास्त अडचण होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर बरंच उशिरा आलं. लोगन पिअरसल स्मिथ यांनी 1925 मध्ये ते पुस्तकात वापरलं आणि श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे वस्तू शेकडो वर्षांची, पाटी अलीकडची.

आता व्याकरण, अगदी थोडं. पाहुण्यांना ठेवून घेणं या अर्थी ‘वी पुट अप द गेस्ट्स’ चालेल, ‘वी पुट द गेस्ट्स अप’ही चालेल. पण पाहुण्यांच्या जागी सर्वनाम आलं की ते मध्येच बसवायचं. ‘वी पुट देम अप’ बरोबर. ‘वी पुट अप देम’ म्हटलंत की कान टोचतो. दहावीच्या पेपरात मी यावर हजारो अर्धे गुण कापले असतील, देव मला क्षमा करो.

‘पुट अप विथ’ मात्र तिघांची साखळी. ती मध्ये तोडायची नाही. ‘पुट अप विथ हिम’, बस्स.

आणि भाच्याचं वाक्य व्याकरणाने चूक नव्हतं बरं का. वाट चुकली ती अर्थाची. पूर्वी प्रवासी सराईत उतरायचे त्याला ‘टु पुट अप अ‍ॅट अ‍ॅन इन’ म्हणत. आपण ती सराई पागडी देऊन कायमची घेतली.

कोपरीचा बाब्या

मास्तर, मला एक कळत नाही. हे सगळं आपण का शिकायचं? मराठी बघा कशी सरळ. सहन करणे म्हणजे सहन करणे. राहणे म्हणजे राहणे. एक शब्द, एक अर्थ. इंग्रजांना धड नवे शब्द करता आले नाहीत म्हणून दोन-दोन शब्द चिकटवत बसले. त्यांचे लाड आपण करायचे.

शब्दवेल्हाळ

बाब्याभाऊ, मराठी सरळ? बसा.

वाट पाहणे. वाट लावणे. वाटेला लावणे. वाटेला जाणे. वाटेवर येणे. पहिल्यात माणूस थांबलाय, दुसऱ्यात सत्यानाश झालाय, तिसऱ्यात कुणाला तरी निरोप दिलाय, चौथ्यात कुणाची तरी कुरापत काढलीय आणि पाचव्यात वाह्यात माणूस सुधारलाय. रस्ता सगळीकडे एकच, नुसता ‘ला’ आणि ‘वर’ बदलला. एखाद्या परक्या माणसाला शिकवून बघा, तो आपली वाट धरेल.

‘लावणे’ तर विचारूच नका. कुकर लाव, दिवा लाव, बोर्ड लाव, पैज लाव, जीव लाव, शिस्त लाव, चुना लाव. कुकर आणि जीव एकाच क्रियापदाने लावणारे आपण, इंग्रजांना हसायचा आपल्याला काय अधिकार?

पण मला खरं बोलायचंय ते ‘पुट अप विथ म्हणजे सहन करणे’ या शाळेतल्या अर्थाबद्दल. हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या मुलांना चुकीच्या दारी नेतो असं माझं स्पष्ट मत आहे. सहन करणे हा जड शब्द आहे. कळा सहन करतात, दुःख सहन करतात. घरातलं माणूस गेल्याच्या दुःखाला कुणी इंग्रज ‘पुट अप विथ’ म्हणणार नाही. म्हटलं तर ते उर्मट वाटेल. तिथे ‘बेअर’ येतो. ‘पुट अप विथ’ असतो वरच्या मजल्यावरच्या ठोकाठोकीला, घोरणाऱ्या नवऱ्याला, घोडबंदरच्या ट्रॅफिकला. त्यात यातना नाहीत, वैताग आहे.

आणि याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे. खपवून घेणे. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे ‘मी हे खपवून घेणार नाही’. तेच कपाळावर आठी, तोच आवाज. मजा म्हणजे दोन्ही भाषांत हे पुष्कळदा नकारात येतं. होकारात आपण जरा मऊ होतो आणि ‘चालवून घेतो’ म्हणतो. भाजीत मीठ कमी, चालवून घे. पाहुण्यांची पोरं सोफ्यावर नाचतायत, चालवून घे.

आता या शब्दांच्या शेपटीकडे बघा. खपवून घेणे, चालवून घेणे, ऐकून घेणे, सांभाळून घेणे, जुळवून घेणे. हा ‘घेणे’ काही घेत नाही. तो फक्त सांगतो की हे स्वतःच्या अंगावर ओढलंय. ‘ऐकलं’ आणि ‘ऐकून घेतलं’ यांत काय फरक आहे ते कुठल्याही सुनेला विचारा. इंग्रजाचा ‘अप विथ’ जे करतो तेच आपला ‘घेणे’ करतो. त्यांनी शेपटी ‘अप’, ‘विथ’सारख्या छोट्या शब्दांची लावली, आपण क्रियापदाची.

कोपरीचा बाब्या

सुनेला विचारायची हिंमत नाही. शब्द मागे घेतो.

बेलापूरची चिमणी

शब्दवेल्हाळ ताई, +१. ‘ऐकून घेतलं’ वाचून दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसले.

पामबीचवरून

चर्चिलची गोष्ट अजून कुणीच कशी टाकली नाही! कुणीतरी त्याचं वाक्य दुरुस्त केलं, की वाक्याच्या शेवटी ‘विथ’ वगैरे येता कामा नये. त्यावर चर्चिलने लिहून पाठवलं, ‘हा असला आगाऊपणा आहे, अप विथ विच आय विल नॉट पुट.’ सगळे तुकडे उलटे करून. नियम पाळला आणि वाक्याचा मुडदा पाडला.

निवृत्त मास्तर

विनोद उत्तम, पण चर्चिलच्या नावावर त्याचा पुरावा नाही. 1942 च्या एका इंग्रजी मासिकात तो सापडतो, आणि तिथे चर्चिलचं नावच नाही. कुणा भलत्याच लेखकाची गंमत असावी. पुढे मोठ्या माणसाच्या खात्यावर जमा झाली. आपल्याकडे नाही का, कुठलाही चुरचुरीत किस्सा शेवटी अत्र्यांच्या किंवा पुलंच्या नावावर चढतो.

शेवटी ‘विथ’ नको हा नियमही काही वेदवाक्य नव्हे. ड्रायडन या कवीला 1672 मध्ये तो खुपला आणि पुढच्या मास्तरांनी त्याची काठी केली. मीही त्याच काठीवाल्यांतला, कबूल.

पामबीचवरून

अरेच्चा. ही गोष्ट मी ऑफिसात तीनदा सांगितलीय. एकदा तर प्रमुख पाहुणा म्हणून.

टेक्सासची माहेरवाशीण

माहेर ठाणे पूर्व, सासर आता टेक्सास. इथे येऊन मला ‘पुट अप’ पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी जेवायला आल्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, ‘शाल आय पुट अप द डिशेस?’ मी विचारात. भाव वाढवायचा? भांडी विकायला काढायची? त्यांनी सरळ घासलेली भांडी उचलली आणि कपाटात लावली. अमेरिकेच्या या दक्षिण भागात ‘पुट अप’ म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवणं. किराणा ‘पुट अप’ करतात, धुतलेले कपडे ‘पुट अप’ करतात.

मग उन्हाळ्यात त्याच आजींनी सांगितलं, यंदा मी 20 बाटल्या पीच ‘पुट अप’ केले. म्हणजे बरण्यांत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून, झाकणं घट्ट करून वर्षभरासाठी ठेवले. मला एकदम चेंदणीतली आजी आठवली. हे तर आपलं लोणचं घालणं! आपणही कैरी ‘घालतो’च की, वर्षाचं लोणचं घातलं, मुरांबा घातला, पापड घातले. (पापड लाटतात, घालतात सांडगे. बाब्याभाऊंच्या आधी मीच दुरुस्त करते.) क्रियापद दोन्हीकडे साधं, रोजचं, आणि त्यात वर्षभराची बेगमी.

तेव्हापासून मी ‘पुट अप’चा अर्थ कोशात शोधणं सोडलं. समोर काय आहे ते बघते. पाहुणा आहे की बरणी आहे की फाइल.

जांभळीनाका जुना

वाचनमात्र होतो, पण माहेरवाशीणबाईंनी बरणी काढली म्हणून माझी फळी काढतो.

इंग्रजीत ‘पुट अप द शटर्स’ म्हणजे दुकान बंद करणं. बहुतेक वेळा कायमचं. मी लहानपणी याने हैराण व्हायचो, कारण आमच्या बाजारात शटर खाली ओढलं की दुकान बंद आणि वर गेलं की उघडं. यांचं शटर वर आणि दुकान बंद कसं?

उत्तर आजोबांच्या दुकानात होतं. जांभळी नाक्याला आमचं किराणाचं दुकान, आणि त्याला लोखंडी शटर बरंच नंतर आलं. आधी फळ्या होत्या. उभ्या, सागवानी, प्रत्येकीच्या मागे खडूने आकडा. रात्री खालच्या खाचेत एकेक फळी उभी करायची, वर सरकवायची, शेवटच्या फळीला आडणा आणि कुलूप. पाच नंबरची फळी सहाच्या जागी घातली तर शेवटची बसायचीच नाही, मग आजोबांचा आवाज तलावपाळीपर्यंत. इंग्रजांची जुनी दुकानंही अशीच फळ्यांची. फळ्या ‘पुट अप’ केल्या की धंदा बंद. आमच्याकडे शब्दच होता, ‘फळ्या लावल्या’. शेजारचा कापडवाला बुडाला तेव्हा बाजारात कुणी ‘दिवाळं’ म्हणालं नाही. ‘त्यांनी फळ्या लावल्या’ एवढंच.

शटरं आली आणि इंग्रजी वाक्य उलटं वाटायला लागलं. फळ्या बघितलेल्यांना ते सुलट आहे.

शब्दवेल्हाळ

जुनेकाका, या एका प्रतिसादासाठी धाग्याचे पैसे वसूल. आणि बघा, इथेही ‘लावणे’च.

नेरुळ एंड

क्रिकेटवाले कुठे गेलेत सगळे? डी. वाय. पाटील स्टेडियमच्या शेजारी राहून मी गप्प बसू शकत नाही.

2 नोव्हेंबर 2025, महिला विश्वचषकाची फायनल. दक्षिण आफ्रिकेने टॉस जिंकून आपल्याला आधी बॅटिंग दिली. हे झालं ‘पुट इन’. आपल्या मुलींनी 298 धावा ‘पुट अप’ केल्या. मराठी समालोचक काय म्हणतो? धावसंख्या उभारली. मग त्यांच्या कर्णधार वोल्व्हार्टने शतक ठोकून एकटीने ‘पुट अप अ फाइट’, म्हणजे झुंज दिली. आणि आपण 52 धावांनी जिंकलो. एका मॅचमध्ये ‘पुट’चा अख्खा धडा झाला. त्या रात्री सेक्टरमध्ये जे फटाके ‘पुट अप’ झाले त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मास्तरांनी सांगावं.

निवृत्त मास्तर

फटाके ‘सेट ऑफ’. पण आनंद होता म्हणून गुण कापत नाही.

बेलापूरची चिमणी

माझे दोन पैसे. घणसोलीला भाड्याने राहते, 11 महिन्यांचा करार. मालकांनी यंदा भाडं ‘पुट अप’ केलं. मी ते ‘पुट अप विथ’ केलं. मग त्यांनी फ्लॅटच विकायला काढला, म्हणजे ‘पुट अप फॉर सेल’. आता मी सामानासह मैत्रिणीकडे ‘पुट अप’ आहे, म्हणजे लंडनच्या बाईंच्या अर्थाने, चार दिवस. ट्रकवाल्याने उद्या यायचं कबूल केलंय.

ऐरोली 8.12

चिमणीताई, हसू की रडू? मदत लागली तर सांगा, रविवारी मोकळा आहे, दोन हात आहेत.

टिपणीबहाद्दर

चिमणीताईंच्या मालकांना कुणी फूस तर लावली नसेल, असं मनात आलं आणि आठवलं. ‘पुट समवन अप टु समथिंग’ राहिला. फूस लावणे. पोरगं स्वतःहून कैऱ्या पाडत नाही, त्याला कुणीतरी ‘पुट अप’ केलेलं असतं. आणि ‘पुट-अप जॉब’ म्हणजे आधीच ठरवून रचलेला बनाव. वाशीला आमच्या ओळखीच्यांच्या सोसायटीत सभा झाली. अध्यक्षांनी विचारलं, रंगाच्या कंत्राटाला कुणाचा विरोध? एका सदस्याने लगेच उठून ठराव मांडला, दुसऱ्याने त्याच श्वासात अनुमोदन दिलं. आणि दोघांच्याही हातात एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या. मराठीत आपण म्हणतो ‘सगळं आधीच शिजलेलं होतं’. मला इंग्रजीपेक्षा हे जास्त आवडतं. वास येतो त्याला.

उत्तनची वाट

उशिरा आले. आमच्या घरात बायबल मराठीत वाचतात, पण बाबांकडे जुन्या इंग्रजीतलं, 1611 च्या भाषांतराचंही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पकडायला लोक येतात तेव्हा पेत्र तलवार उपसून एकाचा कान कापतो. येशू त्याला थांबवतो. तिथे त्या इंग्रजीत ‘पुट अप दाय स्वोर्ड’ आहे. लहानपणी मला वाटायचं, येशू तलवार वर कर म्हणतोय! बाबांनी मराठी प्रत उघडून दाखवली तेव्हा कळलं. म्यान कर.

तलवार वर नेऊन म्यानात घालायची म्हणून ‘अप’ असेल का? म्यान तर कमरेला, खाली असतं.

निवृत्त मास्तर

बाई, उत्तम सापडलं तुम्हाला. ‘अप’ म्हणजे दर वेळी ‘वर’ नाही. पुष्कळदा ‘आवरून, जागेवर, पुरतं’ असा त्याचा रोख असतो. टेक्सासच्या आजींची भांडी आणि पेत्राची तलवार एकाच कपाटात जातात.

आता एक जोडतो. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत रॉडरिगो चिडून बोलतो, की मी जे मूर्खासारखं सोसलं ते आता शांतपणे ‘पुट अप’ करणार नाही. तिथे ‘विथ’ नाहीच. नुसत्या ‘पुट अप’चा अर्थ सोसणं. माझा आपला तर्क असा, की उपसलेली तलवार परत म्यानात घालणं आणि झालेला अपमान परत आत घालणं, ही एकच हालचाल आहे. आपण नाही का म्हणत, अपमान गिळला, राग गिळला? त्यांनी आवरून ठेवला, आपण गिळला.

शब्दवेल्हाळ

मास्तर, मग निमाताईंचा सुरुवातीचा विनोद विनोद उरत नाही. फाइल पुट अप करता करता साहेबाला पुट अप विथ करणं. तलवार म्यान करूनच टिपणी लिहायची.

कोपरीचा बाब्या

धागा वर काढतोय. तीन दिवस खाली गेला होता. निमाताई, भाच्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. लंडनच्या बाई अजून बोलतात का त्याच्याशी?

नौपाड्याची निमा

बाब्याभाऊ, बोलतात म्हणजे काय! तेच सांगायला आले होते. आधी सगळ्यांचे आभार, फळ्यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आणि चिमणीताई, ट्रक आला का ते कळवा.

आज परत कॉल होता. त्या बाई डिसेंबरमध्ये कामासाठी आठवडाभर येणार आहेत. ऐरोलीच्या आसपास एखादं बरं हॉटेल सुचव म्हणाल्या. आणि आमचा दिवटा मला न विचारता, मास्तरांचा नियम तंतोतंत पाळून, सर्वनाम बरोबर मध्ये बसवून म्हणाला, ‘नो नीड. वी विल पुट यू अप.’

बाई खूश. चार वेळा थँक यू म्हणाल्या.

आता घरात दोन खोल्या, माणसं पाच, त्यात ह्यांचं घोरणं. पाहुण्या बाईंची गादी कुठे घालायची हा विषय मी ह्यांच्याकडे ‘मान्यतेस्तव सादर’ केलाय. अजून शेरा आलेला नाही. कुणाकडे जास्तीची मच्छरदाणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डबल बेडची चालेल.